थंडीने उठणारे पित्त : केव्हा साधे, केव्हा जिवावरचे

वडोदऱ्याच्या थंडीला कोणी फारसे भीत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, उत्तरायणाच्या सुमारास बोचरा वारा सुटतो, महिनाभर स्वेटर-शाली बाहेर निघतात आणि फेब्रुवारी सरता सरता पुन्हा पेटीत जातात. अशा गावात गार पाण्याने माणूस बेशुद्ध पडतो, घसा सुजून त्याचा श्वास कोंडतो, प्रसंगी प्राणही जातो, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ती काश्मीरकडची गोष्ट वाटेल. परंतु हे दुखणे बर्फाच्या मुलखातच होते असे मुळीच नाही. ते अंगात असले की त्याला बर्फ लागत नाही. गच्चीवरच्या टाकीतले पहाटेचे पाणी पुरते. म्हणून थंडीच्या तोंडावर या विषयाची थोडी तपशीलवार माहिती द्यावी असे आम्हांस वाटले.

दुखण्याचे साधे रूप पुष्कळांनी पाहिलेले असते. थंड पाण्यात हात घालून भांडी घासली, गार वाऱ्यातून स्कूटरवर फेरी मारली, बर्फाचा खडा हातात धरला, की थोड्या वेळाने त्याच जागी कातडी लाल होते, खाज सुटते आणि गांधी उठतात. तासाभरात सारे मावळते, मागे डागही राहत नाही. मराठी घरात याला ‘अंगावर पित्त उठले’ म्हणतात. आपले गुजराती शेजारी ‘शीळस’ म्हणतात, आणि त्या शब्दातच थंडावा आहे. वैद्यकाचा जुना शब्दही ‘शीतपित्त’ असाच आहे. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात थंड वाऱ्याचा स्पर्श हे शीतपित्ताचे कारण म्हणून दिलेले आहे, म्हणजे आपल्याकडच्या वैद्यांच्या नजरेतून हे सुटलेले नव्हते. डॉक्टर ज्याला ‘अर्टिकेरिया’ म्हणतात तो शब्द लॅटिन ‘अर्टिका’ वरून आला. अर्टिका ही एक वनस्पती. आपल्या खाजकुयलीसारखी तीही अंगाला लागली की आग होते, आणि तिने गांधीही उठतात.

मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. नाव शीतपित्त असले तरी अंगावर उठणारे प्रत्येक पित्त थंडीने उठत नाही. एखादे औषध, मासे-अंडी यांसारखे खाणे, गांधीलमाशीचा दंश, ताप, घाम, घट्ट पट्ट्याचा दाब अशी त्याची नाना कारणे आहेत, आणि कित्येकदा कारण सापडतही नाही. थंडीने उठणारे पित्त हा या कुटुंबातला एक लहान गट आहे. तसेच थंडीत नाक वाहणे, दम्याच्या माणसाला गार हवेने धाप लागणे, किंवा बोटे सुजून दुखणे या वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची आणि याची सरमिसळ करू नये.

आता हे होते कसे ते पाहू. आपल्या कातडीत, तसेच घशाच्या आणि आतड्यांच्या अस्तरात, ‘मास्ट सेल’ नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन आणि तशीच इतर द्रव्ये भरलेली असतात. शरीरात परके काही शिरले तर ही द्रव्ये बाहेर सोडून धोक्याची घंटा वाजवणे हे त्यांचे काम. ज्यांना हे दुखणे आहे त्यांच्यात या पेशी थंडीलाच शत्रू समजून बसतात. हिस्टामिन बाहेर पडले की बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी झिरपते, कातडी फुगते आणि खाजते. गंमत अशी की, पुष्कळदा हे अंग गारठलेले असताना दिसत नाही, ते पुन्हा ऊबेला आल्यावर दिसते. आंघोळ करताना काही नाही, अंग पुसून कपडे घातल्यावर मात्र गांधींनी अंग भरून जाते. त्यामुळे घरचे लोक टॉवेलला दोष देतात, नव्या साबणाला दोष देतात, सकाळच्या नाश्त्याला दोष देतात. पाणी मात्र निर्दोष सुटते.

प्रत्येकाची थंडीची मर्यादा निराळी असते. एकाला बर्फाचाच स्पर्श लागतो, तर दुसऱ्याला वीस अंशांच्या पुढचे पाणीही सोसत नाही. आपल्याकडच्या हवेतही हे दुखणे त्रास का देते याचे उत्तर येथे आहे. शिवाय अंग भिजलेले असताना वारा लागला की पाणी वाळता वाळता कातडीतली ऊब ओढून घेते. श्रावणात भिजून मोटरसायकलवर दूरचा पल्ला मारणारा, घामाघूम होऊन पंख्याखाली किंवा एअर कंडिशनरसमोर बसणारा, हे दोघेही भर उकाड्यात आपले अंग थंड करून घेत असतात.

येथवरचे दुखणे त्रासाचे, पण जिवावरचे नव्हे. जिवावरचे होते ते अंगाचा मोठा भाग एकाच वेळी गारठला तर. हात गारठला तर हातापुरते हिस्टामिन सुटते. सारे अंग पाण्यात गेले तर साऱ्या अंगातून एकदम सुटते. मग रक्तवाहिन्या सर्वत्र सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, पोटात कळ येते, उलटी होते, श्वासनळ्या आवळतात आणि माणूस शुद्ध हरपतो. याला वैद्यकात ‘ॲनाफायलॅक्सिस’ म्हणतात. हा शब्द शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या १९०२ सालच्या संशोधनातून आला. मोनाकोच्या राजाच्या बोटीवर समुद्रजीवांच्या विषाचा अभ्यास करताना त्या कामाची सुरुवात झाली होती. रिशे यांना १९१३ साली त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ते विषाबद्दल होते. थंडीनेही अंगभर अशीच हिस्टामिनसारखी लक्षणे उमटतात, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हॉर्टन, ब्राउन आणि ग्रेस रॉथ या डॉक्टरांनी १९३६ साली तपशिलाने मांडले.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब काढून घेते. म्हणूनच या रोगात सर्वांत मोठा धोका पोहण्याचा आहे, हे सर्व डॉक्टर एकमुखाने सांगतात. पट्टीचा पोहणारा असला तरी पाण्याच्या मध्यावर रक्तदाब उतरून बेशुद्ध झाला तर त्याचे कौशल्य कामाला येत नाही. काठावरचे लोक म्हणतात, पायात गोळा आला असेल, दम तुटला असेल. तरणतलाव, विहीर, कालवा सगळीकडे हे एकच. नर्मदेचा कालवा तर बिनपित्ताच्या माणसालाही धोक्याचा आहे. त्यात उतरू नये हे आम्ही वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. चांदोदला संगमावर माघाच्या थंडीत बुडी मारणारे पुष्कळ असतात. ज्याला हात धुताना पित्त उठते त्याने तेथे लोटाभर कोमट पाणी अंगावर घ्यावे, बुडी मारू नये. मुलांच्या शाळेच्या सहली आबूला किंवा मनालीला जातात, तेव्हाही पालकांनी शिक्षकांना हे आधी सांगून ठेवावे. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

आता शेताकडे वळू. गहू, एरंडी, बटाटा, भाजीपाला यांना हिवाळ्यात पाणी द्यावे लागते, आणि शेतीची वीज बऱ्याच वर्षांपासून रात्रीच्या पाळीने मिळत आली. गुजरातेत दिवसा वीज देण्यासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये किसान सूर्योदय योजना सुरू झाली. पहाटे ५ ते रात्री ९ च्या दरम्यान वीज मिळावी असा तिचा हेतू. साप, रानडुक्कर आणि थंडी या तिन्हींच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. तरी कोठे रात्रीची पाळी असेल, कोठे पहाटे पाचलाच मोटर सुरू करायची असेल, तर शेतकरी पोटरीभर पाण्यात उभा राहून बारे फोडतो, त्याचे धोतर किंवा पँट मांडीपर्यंत भिजते आणि वर उघड्या माळावरचा वारा. दोन पाय मांडीपर्यंत गारठणे म्हणजे अंगाचा मोठा हिस्सा गारठणे झाले. ज्याच्या पायांवर अशा वेळी गांधी उठतात त्याने ते ‘पाण्यातले किडे चावले’ म्हणून सोडून देऊ नये. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट असावेत, शेताच्या कडेला कोरडे कपडे आणि घोंगडी ठेवलेली असावी, आणि मुख्य म्हणजे एकट्याने जाऊ नये. रात्री बांधावर चक्कर येऊन पडलेला माणूस सकाळपर्यंत कोणाला दिसत नाही.

पादऱ्याकडच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांना पहाटे दवाने ओल्या झालेल्या पाल्यात हात घालावा लागतो. दूधमंडळीत काम करणाऱ्यांचा चार अंशांवर थंड केलेल्या दुधाच्या टाकीशी संबंध येतो, बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधल्या हमालांचा सारा दिवसच तेथे जातो. मासळी-बर्फाचे काम करणाऱ्यांचेही तसेच. यांना दरवेळी काम सोडा असे सांगणे सोपे आहे, पण ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याच्यापाशी तो उपदेश चालत नाही. आतून सुती आणि वरून रबरी असे दुहेरी हातमोजे, मध्ये मध्ये बाहेर येऊन अंग ऊबेला आणणे, आणि मालकाला दुखण्याची स्पष्ट कल्पना देणे, एवढे तरी करता येते. ज्याला एकदा चक्कर येऊन गेली आहे त्याने मात्र कोल्ड स्टोरेजचे काम बदलावेच. येथे आम्ही तडजोड सुचवणार नाही.

खाण्यापिण्यातली थंडी हा आणखी एक दरवाजा. उन्हाळ्यात बर्फाचा गोळा, आइस्क्रीम, फ्रिजमधले ताक, बर्फ घातलेला उसाचा रस यांनी अशा माणसाचे ओठ सुजतात, जीभ जड होते. ओठ सुजणे दिसते, घसा सुजणे दिसत नाही. गिळायला जड जाणे, आवाज बसणे किंवा घोगरा होणे, श्वास घेताना शिटीसारखा आवाज येणे ही घसा सुजल्याची लक्षणे आहेत आणि ती दिसल्यावर घरी बसून वाट पाहू नये. ज्याला बर्फाने ओठ सुजल्याचा अनुभव एकदा आला, त्याला पाण्यात उतरल्यावर मोठा झटका येण्याचा संभव अधिक, असे डॉक्टरांचे निरीक्षण आहे. तेव्हा गोळ्याने ओठ सुजणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. निरनिराळ्या देशांतल्या रुग्णालयांत आलेल्या अशा रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे तीनांत एकाला केव्हा ना केव्हा अंगभर झटका येऊन गेल्याचे आढळले. रुग्णालयापर्यंत जाणारे जास्त त्रासाचेच असतात हे खरे, तरी हा आकडा लहान नाही.

घरगुती उपायांबद्दल आम्हांला आदर आहे, पण येथे एक अडचण आहे. अंगावर पित्त उठले की आमसुले पाण्यात कोळून ते पाणी अंगाला चोळतात. कोणी गेरू लावतात. कोणी थंड पाण्याने आंघोळ घालतात. इतर पित्तात आमसुलाच्या पाण्याने खाजेला थोडा आराम पडतो, यात शंका नाही. परंतु पित्त थंडीनेच उठले असेल तर गार पाणी चोळणे, ओले फडके ठेवणे, बर्फ लावणे, पंखा जोरात सोडणे हे सर्व विस्तवात तेल ओतण्यासारखे आहे. पाणी अंगावर वाळते, कातडी आणखी थंड होते, गांधी आणखी पसरतात. घाबरलेले घर आणखी पाणी ओतते. उलट पित्त उठलेल्या माणसाला घोंगडीत गुंडाळून ठेवण्याची आजीबाईंची पद्धत या दुखण्यापुरती तरी अगदी बरोबर होती. ऊब मात्र हळूहळू द्यावी. एकदम कढत पाणी ओतू नये.

निदान अवघड नाही. डॉक्टर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचा तुकडा घालून हाताच्या आतल्या बाजूला पाच मिनिटे ठेवतात, मग उचलून दहा मिनिटे थांबतात. त्या जागी बर्फाच्या आकाराची गांधी उठली तर निदान झाले. हे वाचून कोणी घरी प्रयोग करू नये. क्वचित या चाचणीनेही झटका येतो, आणि दवाखान्यात इंजेक्शन हाताशी असते, स्वयंपाकघरात नसते. वडोदऱ्यात सयाजी रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे, तेथे दाखवता येईल. बहुतेकांत मूळ कारण हाती लागत नाही. काहींत एखाद्या विषाणूच्या तापानंतर हे सुरू होते, आणि थोड्यांत रक्तात थंडीने साकळणारी प्रथिने सापडतात, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. दुखणे बहुधा तरुण वयात सुरू होते आणि काही वर्षे टिकते. चार-पाच वर्षांत पुष्कळांचे कमी होते किंवा जाते, काहींचे मात्र चिकटून राहते.

औषध म्हणून हिस्टामिनला अडवणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही नावे औषधाच्या दुकानात सर्वांना ठाऊक आहेत. नेहमीच्या मात्रेने भागले नाही तर डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवतात, पण ते त्यांनी ठरवायचे. जुन्या तऱ्हेच्या गोळ्यांनी फार झोप येते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने किंवा थ्रेशरवर उभे राहणाऱ्याने त्या घेऊन कामाला जाऊ नये. सेटिरिझिननेही काहींना गुंगी येते हे ध्यानात असावे. गोळ्यांना दाद न देणाऱ्यांसाठी ओमालिझुमॅब नावाचे इंजेक्शन आहे. गुण येतो, पण ते महाग आहे. गोळी घेतली म्हणजे पोहायला मोकळीक मिळाली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. तसेच रोज थोडे थोडे गार पाणी घेऊन अंगाला सवय लावण्याची युक्ती काही ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली केली जाते, ती आपल्या न्हाणीघरात करण्याची नव्हे.

आता झटका आलाच तर काय करावे. माणसाला पाण्याबाहेर, वाऱ्याबाहेर काढावे, ओले कपडे उतरवून अंग कोरडे करावे, कोरड्या पांघरुणात गुंडाळावे. त्याला उताणे निजवून पाय उशाशीच्या पोत्यावर उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर पाठीला टेकू देऊन बसवावे. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवावे. ‘चल, उभा राहा, चालून बघ’ असे कोणी म्हणू नये. रक्तदाब उतरलेला माणूस उभा केल्याने दगावू शकतो. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नये. १०८ ला फोन करावा.

खरे औषध एकच, ॲड्रिनलिनचे इंजेक्शन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत देतात. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे. गुण आला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देतात. आपल्याकडे कित्येक ठिकाणी आधी एव्हिल आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन रोग्याला पाहत बसतात. खाज त्याने कमी होईल, पण कोसळलेला रक्तदाब आणि मिटत चाललेला घसा यांना ते वेळेवर पुरे पडत नाही. ॲड्रिनलिनची ऍम्प्यूल स्वस्त असते आणि दवाखान्यात असायलाच हवी. आपल्या गावच्या डॉक्टरांकडे ती आहे का, हे थंडीआधीच विचारून ठेवावे. कोणी रागावणार नाही. ज्याला एकदा असा झटका येऊन गेला आहे त्याने स्वतःजवळ औषध ठेवावे का, घरातल्या कोणी ते टोचायला शिकावे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. बरे वाटू लागल्यावरही रुग्णालयात काही तास थांबावे, कारण काहींना उतरलेला झटका पुन्हा येतो.

काही घराण्यांत थंडीचा एक वेगळाच, रक्तातून उतरणारा विकार असतो. त्यात गार हवेत वावरल्यावर काही तासांनी अंगावर पुरळ उठते, ताप येतो, सांधे दुखतात, आणि हातावर बर्फ ठेवला तर मात्र काही उठत नाही. त्याच्या मुळाशी असलेले जनुक २००१ साली सापडले. तो रोग निराळा, त्याची औषधेही निराळी. तान्हेपणापासून त्रास असेल आणि आजी-आई-मुलगा असा चालत आला असेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगावे.

शेवटी शस्त्रक्रियेबद्दल. ऑपरेशनची खोली थंड असते, शिरेतून जाणारे सलाइन थंड असू शकते, आणि भूल दिलेला माणूस ‘मला गार वाजते’ असे सांगू शकत नाही. म्हणून हे दुखणे असलेल्याने भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावे आणि केसपेपरवर ते लिहवून घ्यावे. मग ते सलाइन कोमट करून देतात, अंगावर गरम पांघरूण घालतात, खोली फार गार ठेवत नाहीत. दाताच्या डॉक्टरांकडेही सांगावे; तेथे थंड पाण्याचा फवारा तोंडातच मारतात.